बडगुजर सरांचा दृष्टान्त

जळगावात कोणाकडे बाळ बघायला गेले की काय बोलावे, हे बहुतेक ठरलेले असते. नाक कोणावर गेले, रंग कोणाचा घेतला, जावळ किती दाट आहे, एवढ्यावर चहा येईपर्यंतचा वेळ निघतो. मग झबले-टोपडे बाळाच्या पायाशी ठेवायचे आणि निघायचे. बडगुजर सर यातले काहीच बोलत नसत. ते पाळण्याजवळ खुर्ची ओढून घेत, चष्मा पुसत आणि बाळाच्या आजीला विचारत, "शी कोणत्या रंगाची होते?"

माझ्या मुलीच्या वेळी हा प्रश्न माझ्या सासूबाईंच्या वाट्याला आला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे.

"बाळाची शी बाळाच्या शीसारखीच की हो," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, ताई. पहिल्यांदा डांबरासारखी काळी होती?"

"होती."

"मग हिरवट झाली? आणि आता मोहरीच्या रंगाची?"

"हो."

"वास आंबूस?"

सासूबाईंनी पदर नाकाशी नेला. "आंबूसच म्हणायचा."

"उत्तम," सर म्हणाले. "वस्ती नीट होते आहे."

ते गेल्यावर सासूबाईंनी मला विचारले, "कॉलेजात तुम्हाला हेच शिकवायचे का?"

खरे सांगायचे तर, हेच शिकवायचे. सर जळगावच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. अभ्यासक्रमात साऱ्याच जंतूंची माहिती असे. सरांचा जीव मात्र नवजात बाळाच्या आतड्यात रमलेला होता. जन्माआधी बाळाचे आतडे जवळजवळ रिकामे असते, आणि जन्माच्या क्षणापासून तेथे वस्ती सुरू होते, एवढी एक गोष्ट ते वर्षाच्या आरंभी सांगत आणि वर्षभर तिच्याकडेच परत येत. पहिले येणारे जंतू प्राणवायू असला तरी चालणारे असतात. ते आतड्यातला प्राणवायू वापरून संपवतात. मग प्राणवायू ज्यांना सोसत नाही, अशा जंतूंना तेथे राहता येते. आधीच्यांनी जागा तयार केल्याशिवाय नंतरच्यांना घर मिळत नाही. सर फळ्यावर हा क्रम बाणांनी काढत आणि खडू ठेवून म्हणत, "क्रम चुकवायचा नाही. आपणही नाही, निसर्गानंही नाही."

त्यांच्या तोंडून ऐकलेली एक बाब मी आज माझ्या शाळेत नववीच्या मुलांना सांगते. आईच्या दुधात एका प्रकारच्या शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग त्या दुधात कशासाठी? सर येथे थांबत. वर्गातला एखादा मुलगा म्हणे, "चुकून, सर." सर म्हणत, "ते जेवण बाळाचं नाही. बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांचं आहे. आई एका वेळी दोन पंगती वाढते."

अशी वाक्ये त्यांना सुचत, पण सुचल्याबद्दल त्यांना थोडा संकोचही वाटे. कारण सरांचा दुसरा स्वभावधर्म म्हणजे दुरुस्ती. कोणी 'नेहमी' म्हटले की ते 'बहुधा' म्हणत. एकदा नशिराबादला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी सुस्कारा टाकला, "यंदा बठ्ठ्या लोकांच्या केळी वादळानं आडव्या झाल्या."

"बठ्ठ्या? म्हणजे सगळ्या?" सरांनी विचारले. "तुम्ही किती बागा पाहिल्या?"

"माझी पाहिली ना, सर! आडवी पडलेली!"

"मग 'माझी' म्हणा. वाईट वाटायला तेवढं पुरेसं आहे."

त्या गृहस्थांनी वरणाची वाटी बाजूला सारून सरांकडे पाहिले. परंतु सरांच्या चेहऱ्यावर खोचकपणाचा लवलेश नव्हता. जेवण झाल्यावर सर त्यांच्यासोबत बाग पाहायला गेले आणि बराच वेळ तेथे थांबले.

विद्यार्थ्यांना ते अरेतुरे करीत. मी शिक्षिका झाले त्या दिवसापासून मात्र मला 'अहो बाई' म्हणू लागले. मी एकदा हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "अहो, तुम्ही आता वर्गासमोर उभ्या राहता. तुमच्या पदाला मी 'अगं' कसं म्हणू?"

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतले. सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या अंगणवाडीत जाऊन गरोदर बायका आणि त्यांच्या सासवांशी बोलायचे. सांगायचे एवढेच: बाळंतिणीला पहिल्यांदा येणारे दाट पिवळे दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नका, मध चाटवू नका, गूळपाणी पाजू नका, आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही जाऊ देऊ नका. बायकांच्या सभेत एकटा पुरुष बरा दिसत नाही म्हणून ते मला सोबत नेत. एस.टी.त ते खिडकी मला देत आणि उतरेपर्यंत भाषणाची उजळणी करीत.

पहिली एक-दोन भाषणे पार पडली. पडली एवढेच म्हणता येईल. 'सूक्ष्मजीव' हा शब्द आला की बायका एकमेकींच्या पदराची किनार न्याहाळू लागत. एका गावी एका म्हातारीने विचारले, "जंतू म्हंजे किडेच ना? मग लेकराच्या पोटात किडे पाहिजेत म्हनता का, सर?"

सर गोंधळले. त्यांनी 'किडे' या शब्दाची व्याख्या सुरू केली आणि निम्मी सभा उठली. तेव्हा त्यांनी अचानक विचारले, "तुम्ही दूध विरजता कसं?"

उठलेल्या बायका बसल्या. दूध किती कोमट हवे, विरजण किती घालावे, थंडीत भांड्याभोवती काय गुंडाळावे, शेजारणीचे विरजण आणले तर दही तिच्यासारखेच का लागते, यावर सगळ्या एकदम बोलू लागल्या. सरांनी त्यांना बोलू दिले. मग म्हणाले, "बाळाचं पोट म्हणजे नुकतं तापवून कोमट केलेलं दूध. त्याला विरजण आईकडूनच लागतं. तिच्या अंगावरून, तिच्या दुधातून. पहिलं विरजण चांगलं, तर पुढचं सगळं चांगलं. तुम्ही त्यात मध घातलात, गूळपाणी घातलंत, तर ते कुणाचं विरजण लागलं?"

"बाजाराचं!" एक तरुणी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

परतताना बरेच अंतर गेल्यावर सर म्हणाले, "दृष्टान्त तंतोतंत बसत नाही, बाई. दह्यातले जंतू वेगळे, बाळाच्या आतड्यात वस्ती करणारे बहुधा वेगळे."

"पण समजलं ना त्यांना, सर."

"समजलं हे खरं. काय समजलं, ते कळायला मार्ग नाही."

तरीही पुढच्या गावी त्यांनी तोच दृष्टान्त दिला, त्याच्या पुढच्या गावीही. माणसे ऐकताहेत, मान डोलावताहेत, हसताहेत, याचा आनंद शिक्षकाला किती असतो, ते मी स्वतःवरून सांगू शकते. जामनेर तालुक्यातल्या त्यांच्या स्वतःच्या गावीही भाषण झाले. तेथे पहिल्या ओळीत त्यांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या, भावाच्या विद्वत्तेचा त्यांना अतोनात अभिमान होता, आणि त्या भाषणभर शेजारणींना कोपराने ढोसत होत्या: "ऐक, ऐक. माहा भाऊ सांगून राहिला."

पुढच्या वर्षी सरांची मुलगी वृषाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जळगावला आली. तिचे सासर धुळ्याचे. वृषालीची आई हयात नव्हती. म्हणून बाळंतपण करायला अक्का येऊन राहिल्या. येताना त्यांनी डिंक, शेपा आणि स्वतःच्या गाईचे तूप आणले. सरांनी मध आणला आहे का, एवढे विचारून घेतले.

"तू नको म्हनला, मग मी कशाले आनू?" अक्का म्हणाल्या. त्या दुखावल्या होत्या.

बाळ शस्त्रक्रियेने झाले. मुलगी. वृषालीला पहिल्या दिवशी दूध फार थोडे येत होते. तिच्या सासूबाई धुळ्याहून आल्या होत्या. त्यांनी पावडरच्या दुधाचा विषय काढला. अक्का बधल्या नाहीत. त्यांनी वृषालीला उठवून बसवले, परिचारिकेने दाखवले तसे चिकाचे थेंब चमच्यात धरले आणि त्या इवल्या तोंडात सोडले. पुन्हा पुन्हा, न कंटाळता. सर दाराशी उभे राहून पाहत होते. गावोगाव जे सांगत फिरले, ते आपल्या घरात घडताना त्यांनी त्या दिवशी पाहिले.

त्याच वेळी अक्कांनी त्यांना विचारले, "भाऊ, पोट कापून जन्मलेल्या लेकराले आईचं सगळं लागते का रे?"

सरांनी प्रामाणिक उत्तर दिले. नेहमीच्या वाटेने आलेल्या बाळाला आईकडून काही जंतू वाटेतच मिळतात. या बाळाला ते तसे मिळाले नाहीत, शिवाय आईला औषधेही दिली आहेत. वस्ती थोडी उशिराने होईल. दूध पाजत राहिले की काही महिन्यांत फरक बराचसा बुजतो. अक्कांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि त्यातले एकच त्यांच्या मनात राहिले: या लेकराचे विरजण राहून गेले.

घरी आल्यावर त्यांनी काय केले, ते आम्हांला नंतर समजले. त्यांनी आपल्या घरच्या विरजणाचे दही एका लहान वाटीत वेगळे लावले. वाटी उकळून घेतली, हात साबणाने धुतले, नखे कापली. मग वृषाली आंघोळीला गेली की बोटाच्या टोकावर दही घेऊन त्या बाळाच्या जिभेला लावीत. रोज थोडेसे. भावाने सांगितलेले काम त्या भावापेक्षाही नेमकेपणाने करीत होत्या.

त्यानंतर बाळ पेंगू लागले. दूध ओढेना. सरांनी लंगोट मागवला, उजेडात धरला. हिरवे पाणी होते. इतर घरांत ते अशा वेळी पाच प्रश्न विचारीत. या वेळी एकही विचारला नाही. लंगोट खाली ठेवून म्हणाले, "रिक्षा बोलवा."

मी निरोप मिळताच गेले. दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवून सलाईन लावले होते. बाहेर बाकावर वृषाली, तिच्या सासूबाई आणि अक्का. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सरळ विचारले, "आईच्या दुधाशिवाय वरचं काही दिलंत?"

"काही नाही," वृषाली म्हणाली.

"दिलं," अक्का म्हणाल्या. "दही."

वृषालीच्या सासूबाई उभ्या राहिल्या. "दही? एवढ्याशा जिवाला? कोणी सांगितलं तुम्हाला?"

अक्कांनी सरांकडे बोट दाखवले नाही. फक्त पाहिले. "विरजन राहिलं व्हतं ना तिचं, भाऊ. तूच त सांगतलं व्हतं. मी साऱ्या गावासमोर ऐकलं."

सर भिंतीला टेकून उभे होते, सरळ झाले.

"वाक्य माझं आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "हिनं फक्त ते ऐकलं."

"तुम्ही प्राध्यापक ना हो?" विहीणबाईंनी विचारले.

"होय. म्हणूनच ऐकलं तिनं."

तेथून बाळ घरी येईपर्यंतचा काळ सर्वांना कठीण गेला. बाळ पुन्हा दूध ओढू लागले, शी पुन्हा मोहरीच्या रंगाकडे वळली. वृषाली दूध काढून देत होतीच. ते एक दिवसही थांबले नाही. घरी निघताना विहीणबाईंनी डॉक्टरांदेखत सरांना गाठले. "आता खरं सांगा. दह्यामुळेच झालं ना?"

सर म्हणाले, "दह्यामुळेच झालं, असं सांगता येत नाही. द्यायला नको होतं, हे मात्र सांगता येतं."

डॉक्टरांनी मान हलवली. विहीणबाईंना मात्र हे उत्तर पळवाट वाटली. त्यांनी जाहीर केले की बाळ त्यांच्यासोबत धुळ्याला येईल आणि आत्याबाईंनी त्याच्या आसपास फिरकू नये. वृषाली रडली, पण गेली. अक्का गावी परतल्या. तुपाची बरणी सरांच्या फडताळात राहिली.

मला वाटले होते की सर आता गावोगाव फिरणे सोडतील. पुढच्या रविवारी ते माझ्या दारात उभे होते.

"बाई, चला. मागे घ्यायचं आहे."

"काय मागे घ्यायचं, सर?"

"विरजण." त्यांचा आवाज सपाट होता. "अक्का एका गावात बसली होती. मी हे किती गावांत बोललो? त्या प्रत्येक गावात एखादी अक्का असणार. तिनं वाटी लावली नसेल कशावरून?"

अशी ती फेरी सुरू झाली. ज्या ज्या गावी दृष्टान्त दिला होता तेथे जायचे आणि सांगायचे: माझे ते बोलणे चुकीच्या अर्थाने घेतले जाऊ शकते, बाळाला दही, ताक, काहीही देऊ नका. आता ते दृष्टान्त देत नसत, विनोद करीत नसत, हातवारेही करीत नसत. बायका जांभया देत. सर मात्र प्रत्येकीला वेगळे विचारीत, "तुमच्याकडे कोणी दिलं का?" कोणी 'नाही' म्हटले की त्यांचे खांदे किंचित खाली येत.

दुसऱ्या रविवारी जळगावच्या बसस्थानकावर अक्का येऊन बसलेल्या दिसल्या. पहाटेच निघाल्या असाव्यात.

"अक्का, तू कशाला?"

"दही म्या दिलं. तू एकटा काय सांगशीन?"

त्यानंतर त्या प्रत्येक वेळी आल्या. सरांचे सपाट निवेदन संपले की उठून म्हणत, "ते दही देनारी मीच," आणि झोपलेली सभा जागी होई. नातीला भेटायला मिळत नाही हे त्या कोणालाच सांगत नसत.

सर आज नाहीत. फेरी पूर्ण झाल्यावर काही महिन्यांतच ते गेले. तोवर धुळ्याहून बोलावणे आले होते आणि अक्का नातीच्या बारशाला नसल्या तरी उष्टावणाला होत्या. पुढे मी सरांना आजारपणात दोनदा पाहिले, तरी डोळ्यांसमोर येतात ते शेवटच्या गावातले सर.

ते गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अंगाला होते. उन्हे तापलेली. अंगणवाडीच्या खोलीत पंखा नव्हता. सरांनी निवेदन केले आणि विचारले, "मी मागच्या वेळी काय सांगितलं होतं, आठवतं कोणाला?"

मागे बसलेली एक जाडजूड बाई म्हणाली, "ध्यानमा बठ्ठं शे, सर. पन करस कोन?"

खोली हशाने भरली. दुसरी म्हणाली, "दही मोठासले पुरत नही, पोरले कोठून देवो?"

सर हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. आपले कोणीच ऐकले नाही, याचा इतका आनंद झालेला शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. ते चप्पल घालायला वळले.

तेवढ्यात पुढच्या ओळीतली एक म्हातारी बोलली. तिच्या शेजारी तिची सून बसली होती, दिवस भरत आलेली. "चांगलं झायं, सर, तुम्ही सोता ईसन सांगं. म्हंजे चिकनं बी तसंच ना? आते पिळी टाकाले हरकत नही."

सर चप्पल तशीच टाकून परत फिरले. "नाही, आजी. ते नाही. मी फक्त दह्याचं मागे घेतलं."

"एक खोटं निंघनं, तं दुसरं खरं कसाले?" म्हातारीने शांतपणे विचारले. सून मान खाली घालून बसली होती. तिचा हात पोटावर होता.

सरांनी समजावले. चिकात बाळाचे रक्षण करणारी द्रव्ये असतात, त्याने आजारांचा धोका कमी होतो, पहिल्या वस्तीला त्याचा आधार मिळतो. प्रत्येक वाक्यात एक 'बहुधा' होता, एखादे 'आजवरच्या अभ्यासानुसार' होते. म्हातारी प्रत्येक 'बहुधा'ला मान हलवीत होती, आणि ती मान नकाराची होती.

अक्का उठल्या. म्हातारीच्या पुढ्यात जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"पिळू नको, बाई. मी दही देऊन घात करून बसली व्हती. माही नात वाचली ते चिकानंच. सलाईननं नाही, चिकानं. ह्या हातानं चमच्यात धरून पाजला मी तिले."

म्हातारीने अक्कांकडे बराच वेळ पाहिले. मग सरांकडे वळली. "खरं शे का, सर?"

चिकाने वाचली हे सिद्ध नव्हते. ते सरांना, मला, त्या डॉक्टरांनाही माहीत होते. त्यांनी सुनेकडे पाहिले. तिने पहिल्यांदाच मान वर केली होती.

"अक्कानं चीक पाजला, हे मी उभं राहून पाहिलं," सर म्हणाले. "आणि नात वाचली, हेही पाहिलं."

मधला 'म्हणून' त्यांनी उच्चारला नाही. म्हातारीने तो आपला आपण घातला, सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मंग पाजसूत." सरांनी बाहेर येऊन चष्मा काढला आणि उन्हात उभे राहून तो पुसत राहिले.